कोंडीबाबा गप्प राहिले नव्हते

शाहीर सीतारामबुवांची ती कॅसेट एके काळी महाड-पोलादपुरात घरोघर होती. लग्नाच्या मांडवात ती वाजायची, भात झोडताना खळ्यावर वाजायची, मुंबईला परत जाणारे चाकरमानी ती पिशवीत तांदळाच्या भाकऱ्यांशेजारी घालून न्यायचे. तिच्या दुसऱ्या बाजूला, निम्म्याच्या जरा पुढे, बुवा तुरेवाल्या कोंडीबाबांना सवाल घालतात. सवाल संपतो, ढोलकी थांबते, आणि मग नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. बराच वेळ पाऊसच. त्यानंतर एकदम गलका, टाळ्या, कुणाची तरी शिट्टी, आणि बुवांचं पुढचं गाणं सुरू. लोक ती जागा पुन्हा पुन्हा मागे फिरवून ऐकत. म्हातारा कसा गप्प बसला बघा, म्हणत. मोठ्या माणसापुढे मोठ्या माणसाची वाचा बसते तेव्हा कशी बसते, याचा तो पुरावाच होता आमच्याकडे.

त्या दिवशी टेप माझी होती, आणि टेपच्या बटणावर बोटही माझंच होतं. बुवा आता नाहीत. कोंडीबाबा त्यांच्याही आधी गेले. माझी साठी मागे पडली, रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो. आजवर हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. या पुस्तकात माझ्या तरुणपणाबद्दल बरंच काही लिहिलं, पण हे प्रकरण लिहिल्याशिवाय बाकीचं खरं धरता येणार नाही.

आमचं घर उमरठच्या अलीकडच्या वाडीत, ओढ्याच्या काठाला. खाली भाताची खाचरं, मागे आंबे, आणि त्यामागे डोंगर सुरू. घरात आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि वहिनी. थोरला भाऊ मुंबईला. श्रावण सरत आला की घराचा आवाज बदलायचा. जात्यावर तांदूळ, उखळात पोहे, आणि संध्याकाळी देवळापुढे पोरांच्या पायांतल्या चाळांची तालीम. आमच्याकडे गणपतीत बाल्या नाच असतो. मध्ये गाणारे बसतात, ढोलकी आणि झांज घेऊन, आणि भोवती नाचणारे एका पायात चाळ बांधून गोल फिरतात. दोन गावांचे दोन फड समोरासमोर आले की एक शक्तीवाला आणि दुसरा तुरेवाला. शक्तीवाले म्हणणार, जगात आधी माया, आदिशक्ती. तुरेवाले म्हणणार, आधी शिव. या एवढ्या एका भांडणावर आमच्या मागच्या कितीतरी पिढ्या गाणी रचत आल्या. सवाल घालायचा, जबाब द्यायचा, आणि जबाब न येणाऱ्याने मान खाली घालायची.

सीतारामबुवा शक्तीचे. गाव महाडजवळच्या नाते गावाच्या बाजूचं, नोकरी मुंबईत कापडाच्या गोदामात. वर्षभर गाठी उचलणारा हा माणूस गणपतीला गावी आला की राजा व्हायचा. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात होतो. डावा हात कानामागे, मान जराशी तिरपी, गळ्यात तांबडा रुमाल. आवाज सुरू झाला आणि माझ्या हाताच्या कोपरापासून वर काटा आला. त्याआधी देवळात, शाळेत, कुठेच मला असं झालं नव्हतं. माणसाच्या गळ्यातून हे निघू शकतं, आणि तो माणूस आपल्याच तालुक्यातला आहे, आपल्यासारखाच नाचणीची भाकरी खाऊन वाढलेला आहे, याचं मला इतकं नवल वाटलं की त्या दिवसापासून मी मी राहिलो नाही. तांबडा रुमाल घेतला. मान तिरपी झाली. बुवा बोलताना "काय ते सरळ सांग" म्हणत, मीही म्हणू लागलो. सहीतल्या पहिल्या अक्षराचा फाटासुद्धा त्यांच्यासारखा वळवला. वाडीत मला छोटे बुवा म्हणायला लागले, आणि ते चिडवत होते हे कळूनही मला ते आवडायचं.

वहिनी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "भावजी, तिकडं बुवांना पडसं झालं तर हिकडं तुम्हाला शिंका येतील."

दादा माजघरातून सांगायचे, "गळा त्यांचा, वाकडी मान मात्र आमच्या पोराची. डॉक्टरला दाखवा गो त्याला."

आई पानात कुळथाची पिठी वाढायची आणि वर कच्चा कांदा फोडून ठेवायची. एकदाच म्हणाली, "दुसऱ्याचा एवढा व्हऊ नये, बाबा. त्याला पण जड जाता."

कॉलेज सोडून मी महाडला, एसटी स्टँडच्या जवळ, कॅसेट भरून द्यायचं छोटं दुकान टाकलं. दोन खणांची टेप, एका खणात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. दुकानातून बाहेर पाहिलं की चवदार तळ्याकडे जाणारी माणसं दिसायची. मार्चमध्ये तर रस्ता नुसता माणसांचा व्हायचा. कुठून कुठून चालत आलेली, पायांना धूळ, आणि माझ्या दुकानात गाणं लागलं की त्या थकलेल्या माणसांचे खांदे ताठ व्हायचे. गाणं माणसाला काय करतं हे मी तिथे रोज पाहत होतो. तरी त्याचा अर्थ मला स्वतःपुरताच कळत होता. मला वाटायचं, माझं जे काही आहे ते बुवांमुळे आहे. बुवा जिंकले तर मी जिंकलो.

त्या वर्षी गौरी आल्या आणि पावसाने विजेचे खांब पाडले. तीन दिवस दिवे नव्हते. त्यामुळे आमच्या वाडीचा सामना दुपारीच ठेवला, देवळाच्या पत्र्याखाली. सकाळपासून आमच्या घरी चूल पेटती होती. भोपळ्याच्या घाऱ्या, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं. बुवा आणि त्यांचे सगळे नाचे जेवायला आमच्याकडे. मी बुवांच्या पानाशी बसून राहिलो. वाढायचं काम वहिनीने माझ्याकडून काढून घेतलं, कारण मी आमटी त्यांच्या एकट्याच्याच पानात ओतत होतो.

समोरून येणार होते कोंडीबाबा. आमच्या डोक्यावरच्या डोंगरात, पठारावर सहा-सात घरांची वाडी आहे, तिथले. गाई-म्हशी राखायच्या, थोडी वरी-नाचणी करायची. खालच्या आम्हा शेतीवाल्यांना ती वरची माणसं म्हणजे जरा कमीच वाटायची, हेही लिहून ठेवतो. ते पावसातून घोंगडीची खोळ घेऊन आले, मागे त्यांच्या वाडीतली दहा-बारा माणसं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. आमच्यातला कुणीतरी म्हणाला, "बाबा, जनावरं कुणाकडं सोडून आलात?"

"तुमच्याकडं आलो ना," बाबा म्हणाले. "हितली बी कोन तरी राखाया हवीत ना." हसणारे हसले. आम्ही बाकीचे कोण कुणाला काय म्हणालं याचा विचार करत राहिलो.

मी टेप गाणाऱ्यांच्या मध्ये ठेवली. मोठे सेल नवे घातले होते. माइकची वायर लांब होती, तो मी आलटून पालटून दोघांपुढे धरत होतो. पत्र्यावर पाऊस इतका की चौथ्या रांगेपलीकडे शब्द पोचत नव्हते. लोक तोंडं बघून टाळ्या वाजवत होते.

तासभर सामना चालला. मग बुवांनी कानामागे हात नेला आणि तो सवाल घातला. जगात पहिला नाद कुठला उमटला, आणि तेव्हा कुणीच जन्मलं नव्हतं, तर तो ऐकला कुणी? सवाल त्यांनी अशा उंचीवर नेऊन सोडला की ढोलकीवाल्याचा हात आपोआप थांबला. मी माइक कोंडीबाबांपुढे नेला. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. पाऊस वाजत होता. त्यांच्या वाडीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग म्हाताऱ्याने मान वर केली आणि ढोलकीशिवाय, झांजेशिवाय, गोठ्यात जनावराशी बोलावं तितक्या हळू आवाजात सुरू केलं.

वासरू अजून पोटात, त्याला कंठ फुटला नाय,
तरी चरता चरता थांबली, कान टवकारी गाय.
नाद मागून जन्मा येतो, ऐकनं असतं आधी,
तुझी शक्ती ऐकत व्हती, माझा शिव व्हता पोटामधी.

या चार ओळी मला पाठ आहेत. पुढे कितीतरी होतं. गाय कशी उभी राहते, पोटातली हालचाल ऐकताना तिच्या तोंडातलं गवत चावायचं कसं राहून जातं, वारा कसा थांबल्यासारखा होतो. आधी कान, मग नाद. आधी आई, मग लेकरू. तुरेवाला माणूस शक्तीला पहिला मान देत होता, आपल्या पिढ्यांचं भांडण आपल्याच हाताने सोडवत होता, आणि तरी सवालाचा जबाब असा चोख देत होता की त्यात बोट शिरायला जागा नव्हती. एकही शब्द पोथीतला नव्हता. सगळं डोंगरावरचं, रोज डोळ्यांनी पाहिलेलं. ते तिथेच, त्या क्षणी, त्यांना सुचत होतं; मी हातभर अंतरावरून त्यांचं तोंड पाहत होतो, पुढची ओळ येताना त्यांनाच आश्चर्य वाटत होतं.

मी माइक दोन्ही हातांनी धरला. बुवांना पहिल्यांदा ऐकताना जे झालं होतं ते पुन्हा होत होतं, त्याहून मोठं होत होतं, आणि ते बुवांमुळे होत नव्हतं. नाचणारी पोरं गोल फिरायची थांबून उभी होती. बुवांकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. जबाब संपला तेव्हा बुवांनी जागेवरून वाकून म्हाताऱ्याचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मागच्या लोकांना ऐकू काहीच आलं नव्हतं. त्यांनी बुवांना वाकताना पाहिलं, सामना मिटला असं समजून गलका केला, शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी महाडला दुकान उघडलं. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्या खणात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. सगळं एकदा ऐकलं. कोंडीबाबांचा आवाज माइकमध्ये इतका स्पष्ट आला होता की श्वास ऐकू येत होता. ऐकताना मला कळत होतं की ही कॅसेट बाहेर गेली तर दोन्ही तालुके म्हाताऱ्याचं नाव घेतील. मग बुवा कोण? आणि बुवा जर दुसरे झाले, तर मी, छोटे बुवा, तांबडा रुमाल, तिरपी मान, मी कोण? त्या वेळी हे एवढ्या शब्दांत मनात आलं नाही. कॅसेट मागे फिरवली आणि दोन्ही खण चालू केले. सवाल संपला, पाऊस सुरू झाला, तो तेवढा भरू दिला आणि म्हाताऱ्याने श्वास घेतला तिथे मी पॉजचं बटण दाबलं. पहिला खण तसाच चालू होता. बाबा गात होते, मी समोर बसून ऐकत होतो, आणि दुसरा खण थांबलेला होता. गलका आला तसा पॉज सोडला.

एवढंच केलं असतं तरी मूळ कॅसेट उरली असती. जेवणाचा डबा खाऊन झाल्यावर मी त्या जागेवर रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि ती जागा पुसून टाकली. पुसली जात असताना आवाज येत नाही. चाकं फिरताना दिसतात.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी बुवा दुकानात आले. मी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. त्यांनी चहाला हात लावला नाही. "म्हाताऱ्याचा जबाब लाव," म्हणाले.

"बुवा, तेवढ्यातच सेल उतरले," मी म्हणालो. "सवालापर्यंत आलंय. मग मी सेल बदलले, तोवर संपलं."

ते टेपकडे बघत म्हणाले, "काय ते सरळ सांग. काहीच नाय आला?"

"नाही."

"माझं गाणं काय रे, ते मी गोदामात गाठी उचलताना रोज ऐकतो. तो जबाब मला पाठ करायचा होता. पंचवीस वर्षं हाच सवाल घालतोय मी, सगळे पोथीतला जबाब देतात. मलाच त्याचा जबाब माहीत नव्हता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाय. टेन्शन नको घेऊ."

मी त्यांच्यासारखा व्हायला निघालो होतो, आणि ते असे होते. मला त्यांची मान आणि रुमाल एवढंच दिसलं होतं. हे आता लिहितो. तेव्हा नुसती मान खाली घातली, आणि त्यांना ते दुःख वाटलं.

कॅसेट वाऱ्यासारखी पसरली. दिवाळीपर्यंत कोंडीबाबांचं नाव मुका बुवा पडलं. बाजाराच्या दिवशी ते पोलादपुरात दिसले की पोरं म्हणायची, "बाबा, सेल टाकू काय?" पुढच्या गणपतीत त्यांना कुणी बोलावलं नाही. बुवा आपल्या प्रत्येक फडात सांगायचे की म्हातारा गप्प नव्हता, त्याने मला जिंकलं होतं. लोक म्हणायचे, बघा किती मोठं मन. बुवांना त्याचा त्रास व्हायचा, पण ते जितकं सांगत तितके त्यांचेच फोटो घरांत वाढत. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट आमच्याच घरात घडली. दादा त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होते. एकदा कॅसेट ऐकता ऐकता म्हणाले, "म्हातारा कायतरी बोलला व्हता, असा मला वाटत व्हता. पन टेपात तर नाय." आणि मग तेही तसंच सांगू लागले. हजर असलेली माणसं एकेक करून कॅसेटवर विश्वास ठेवत गेली. यंत्रात इतकी ताकद असते हे मी, यंत्र चालवणारा, तोंड वासून बघत होतो.

त्या गणपतीनंतर बुवांनी मुंबईहून निरोप धाडला, तू वर जा, म्हाताऱ्याकडून ते पुन्हा भरून आण. भातं कापून झाली होती. मी एका सकाळी टेप खांद्याला लावून चढलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाडीत जात होतो, आणि ती आमच्या परसातून दिसायची. करवंदीच्या जाळ्यांतून वाट, मग कातळ, मग एकदम पठार. खाली सगळी दरी, आमचं घर काडेपेटीएवढं. गवताच्या उडव्या रचलेल्या, आणि गाई इतक्या शांतपणे चरत होत्या की दात गवताला लागल्याचा आवाज दुरून येत होता. मी उभा राहिलो. त्या चार ओळी कुठून आल्या ते समोर दिसत होतं.

कोंडीबाबा दारात दावं वळत बसले होते. मला पेल्यातून धारोष्ण दूध दिलं. मी आल्याचं कारण सांगितलं.

"ता काय पुन्हा येत नाय," ते म्हणाले. "तवा आला, गेला. माला तर एक ओळ बी आठवत नाय." दावं वळत राहिले. मग म्हणाले, "तुज्या टेपात नाय म्हनतात."

"सेल उतरले होते, बाबा."

"हां." त्यांनी वळलेलं दावं ओढून बघितलं. "हितली मानसं सांगतात, तुमी गायलात. पन ती आपली मानसं, माज्यासाठी बोलतील. खाली सगळे म्हनतात, गप बसलास. आता माला बी रातच्याला वाटतं, गप बसलो असन. म्हातारपन हाय. मनातल्या मनात गायलो असन." हात थांबले. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "तू तर माज्या तोंडाशी बसला व्हतास. मी गायलो व्हतो काय रे?"

मी माझ्या तिरप्या मानेने म्हणालो, "पाऊस फार होता, बाबा. मला नीट ऐकू नाही आलं."

त्यांनी मान हलवली. "व्हय, पाऊस व्हता," म्हणाले, आणि दूध संपव म्हणून पेल्याकडे बोट केलं. मी संपवलं. उतरताना रुमाल गळ्यातून काढला आणि पुन्हा कधी घातला नाही, पण त्याने काही भरून येत नाही. त्यानंतर मी ढोलकीपाशी उभा राहिलो नाही, बुवांपुढेही गेलो नाही. त्यांना वाटलं, पोरगं संसाराला लागलं.

बाबा, तुम्ही गायला होतात. ढोलकीशिवाय, पावसात, पाव तास. मी सगळं ऐकलं. माझ्या आयुष्यात त्याहून मोठं काही मी ऐकलेलं नाही.